चंदीचा हिशेब

तुम्ही हिंगोलीत पेन्शनपुऱ्याच्या तोंडाशी उभे आहात. सकाळचे साडेसहा. मैदानावरून धावून आलेली चार पोरं चहाच्या टपरीसमोर गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकतायत. दोघांना पोलिसात जायचंय, एकाला लष्करात, चौथ्याला हवाई दलात. "मग विमान चालवणार का तू?" चहावाला विचारतो. "नाही काका, विमानाच्या दुरुस्तीत घेतलं तरी लई झालं," पोरगं म्हणतं. त्या पोराचा चेहरा लक्षात राहू द्या.

हिंगोलीतल्या वस्त्यांची नावं तुम्हाला पाठ आहेत. पलटण, रिसाला, तोफखाना, सदर बाजार, पेन्शनपुरा. रिक्षावाल्याला सांगताना त्यांचा अर्थ कुणाच्या मनात येत नाही. आज ती एका ओळीत मांडून बघा. पायदळ, घोडदळ, तोफा, रसद आणि शेवटी म्हाताऱ्या शिपायांची पेन्शन. एका फौजेच्या जमाखर्चाच्या वहीतली ही खाती आहेत. फौज गेली, वही गेली, खाती मात्र गावाला चिकटून राहिली.

रिसाल्याकडे चालू लागा. थोड्या वेळानं पायाखालचं डांबर संपतं आणि मऊ धूळ लागते. मोटारसायकलींचा आवाज मागे पडतो. नाकात ओला हरभरा, घोड्याची लीद आणि जळक्या खुराचा वास शिरतो. साल 1852, महिना मार्च. निजामाच्या राज्यात, वऱ्हाडच्या हद्दीजवळ, हैदराबाद कंटिंजंटची ही छावणी आहे. शिपाई देशी, पगार निजामाच्या नावावर, अंमलदार इंग्रज.

पागेत शिरा. घोडे ओळीनं अगाडी-पिछाडी लावून बांधलेत. मोतद्दार खरारा करतायत. तोबरे चढवायची वेळ झाली आहे, म्हणून एकेक घोडा मान झटकतो आहे. तुम्ही नालबंदाजवळ उकिडवे बसता. त्यानं घोड्याचा मागचा पाय आपल्या दोन मांड्यांत धरला आहे. झिजलेला नाल काढतो, खुराची वाढ तासतो, नवा नाल टेकवून बघतो, पुन्हा निहाईवर ठोकतो, पुन्हा टेकवतो. खिळा मारताना हातोडीचा आवाज ऐकायला तो कान जवळ नेतो. खिळा मांसात जात असेल तर आवाज बदलतो, असं तो सांगतो. चार पायांना अर्धी सकाळ जाते.

"आता हा किती दिवस चालंल?" तुम्ही विचारता.

"महिना, फार तर दीड."

"आणि घोडा कुठं गेलाच नाही तर?"

तो वर बघतो. "पाव्हनं, घोडं बांधून ठेवलं म्हणून खूर वाढायचं राहतंय व्हय?"

इथे थोडं थांबा. लढाई होवो न होवो, खूर वाढतोच, नाल बदलावाच लागतो, चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, द्यावीच लागते. आजच्या विमानाचंही असंच आहे. त्याच्या पुष्कळ भागांना दोन आयुष्यं असतात, एक उड्डाणाच्या तासांवर मोजलेलं आणि दुसरं दिनदर्शिकेवर. विमान हँगरमध्ये उभं राहिलं तरी रबराचं सील वाळतं, तेल बदलावं लागतं, मुदत संपलेला भाग काढून फेकावा लागतो.

रिसाल्याचा हिशेब शिलेदारी पद्धतीचा आहे. स्वार आपला घोडा घेऊन येतो. त्याच्या तनख्यातच घोड्याची चंदी, खोगीर आणि नाल असं सगळं धरलेलं आहे. ज्याच्याजवळ घोडा नाही, तो दुसऱ्याच्या घोड्यावर बारगीर म्हणून बसतो. दोन स्वारांत मिळून एक तट्टू आणि एक घासवाला. रोज रानात जाऊन गवत कापायचं, तट्टावर लादून आणायचं, एवढंच त्या घासवाल्याचं काम. हा माणूस कुठल्या लढाईच्या चित्रात दिसत नाही, पण तो दोन दिवस आजारी पडला तर दोन घोडे खाली मान घालतात.

आणि एक पेटी आहे. शिलेदारी रिसाल्यांत तिला चंदा म्हणतात. प्रत्येक स्वार दरमहा त्यात थोडे पैसे टाकतो. कुणाचा घोडा मेला की नवा घ्यायला त्यातून हातभार लागतो. घोडा आज धडधाकट असताना उद्याच्या मरणाची तरतूद! मला या पेटीचं फार मोल वाटतं. अर्थशास्त्र न शिकलेल्या माणसांनी अनुभवातून काढलेला हा घसाऱ्याचा निधी होता, आणि वर्ष संपलं म्हणून तो कुणी काढून नेत नसे.

मराठी माणसाला हा हिशेब नवा नव्हता. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं पत्र तुम्ही शाळेत असताना ऐकलं असेल. आपण त्यातली रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये ही गोष्ट लक्षात ठेवतो. पण ते पत्र आहे दाणा-वैरणीच्या नियोजनाचं. पावसाळाभर पुरायचा साठा आधीच उडवलात तर पुढे घोडे मरतील, मग तुमची माणसं रयतेच्या घरात शिरतील, हा त्यातला मुद्दा आहे. दिव्याची वात उंदरानं ओढून नेली तर गवताची गंजी पेटेल, इथपर्यंतची काळजी त्यात आहे. एवढं मोठं राज्य उभं करणारा राजा गवताच्या गंजीचा विचार करत होता.

दुपारी पगार वाटला जातो. नाणी मोजून हातात पडतात, वेळेवर. निजामाच्या स्वतःच्या इतर फौजांचे पगार महिनोन् महिने थकलेले असताना हिंगोलीत मात्र कसे वेळेवर होतात? कारण हैदराबादच्या खजिन्यात पैसा नसला की इंग्रज रेसिडेंट आपल्या खजिन्यातून देतो आणि निजामाच्या नावे लिहून ठेवतो, व्याजासकट. या फौजेचा खर्च वर्षाला सुमारे 40 लाख रुपये. त्याआधी एकदा पामर कंपनी नावाच्या पेढीकडून जबर व्याजानं पैसे उचलून हाच पगार भागवलेला होता. इथे घोड्याच्या तोबऱ्यात हरभरा पडतो आणि चारशे किलोमीटरहून दूर नसलेल्या राजधानीत कर्जाचा आकडा वाढतो. तुमच्यासमोरच्या स्वाराला याची काहीच कल्पना नाही. तो नाणी कमरेला बांधतो आणि घोड्याकडे जातो.

एक वर्ष पुढे सरका. वाशिमच्या वाटेनं पैनगंगेच्या काठावर या. 21 मे 1853 ला हैदराबादेत तह झाला आहे. लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल, कर्नल लो रेसिडेंट, गादीवर नासिरुद्दौला. किमान 5,000 पायदळ, 2,000 घोडदळ आणि चार तोफखाने कायम ठेवायचे, आणि त्यांच्या खर्चासाठी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दोआब इंग्रजांच्या हाती द्यायचे. उन्हाळ्यात आटलेल्या नदीच्या पलीकडे दिसणारी काळी जमीन, कापसाची, कालपर्यंत निजामाच्या कारभारात होती. एकही लढाई झाली नाही. फौजेच्या रोजच्या खर्चात एक अख्खा सुभा गेला. 1860 मध्ये 50 लाखांचं कर्ज माफ झालं, धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड नाही मिळालं. 1902 मध्ये ते वर्षाला 25 लाखांवर कायमच्या पट्ट्यानं दिलं गेलं, आणि पाठोपाठ 1903 मध्ये कंटिंजंटच मोडून इंग्रजांच्या हिंदुस्थानी लष्करात मिसळण्यात आलं. ज्या फौजेसाठी वऱ्हाड गेलं, ती फौजही राहिली नाही.

आता 1918 चा ऑक्टोबर. हिंगोलीची परेडची जागा मोकळी पडली आहे. पाऊस दगा देऊन गेलाय आणि देशभर इन्फ्लुएंझाची साथ आहे. या वर्षी निजाम मीर उस्मान अली खान यांच्या पैशातून इंग्रजांच्या हवाई दलाला अख्ख्या स्क्वाड्रनची विमानं भेट गेली आहेत. संस्थानाच्या खजिन्यात मराठवाड्याचा शेतसाराही होताच, तेव्हा त्या पंखांत थोडं हिंगोलीही आहे असं समजा. डोळे मिटून उघडा. तुम्ही पूर्व फ्रान्समध्ये बेतॉनकूरच्या चिखलात उभे आहात. समोर 110 नंबरचं स्क्वाड्रन, जे पुढे 'हैदराबाद स्क्वाड्रन' म्हणूनच ओळखलं गेलं. डीएच-9ए जातीची दुपंखी विमानं, लाकडी सांगाड्यावर ताणलेलं कापड, बारा सिलिंडरचं लिबर्टी इंजिन. सप्टेंबरपासून ही विमानं जर्मन शहरांवर जातायत आणि सगळी परत येत नाहीत. त्यांतलं एफ-1010 हे विमान 5 ऑक्टोबरच्या मोहिमेत जर्मन मुलखात खाली आलं. ते अजून शाबूत आहे आणि लंडनच्या हवाई दल संग्रहालयात बघायला मिळतं.

तळावरची माणसं बघा. एक जण पंखाच्या कापडावरची फाटलेली जागा शिवतोय, वर रोगण फासतोय. दुसरा तारांचा ताण बोटानं टिचकी मारून तपासतोय, तंबोऱ्याची तार जुळवावी तसा. तिसऱ्यानं इंजिनाचे चोवीस प्लग काढून कापडावर ओळीत ठेवलेत. भेटीच्या समारंभात विमानांच्या किमतीची वाहवा झाली असेल. सुई, रोगण, प्लग आणि या तीन माणसांचं जेवण कुणीतरी रोज, वेगळं, भरत होतं.

तेच हवाई दल चार वर्षांनी हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर पाहा. 1922. कागदावर स्क्वाड्रनं आहेत, अंमलदार आहेत, मोहिमा आहेत. हँगरमध्ये जाऊन मोजलंत तर साऱ्या हिंदुस्थानात उडण्याजोगी विमानं हातांच्या बोटांवर मावतील इतकीच. चाकांना टायर मिळत नाहीत, म्हणून नुसत्या धावांवर विमानं उडवली जातायत. 31 नंबरच्या स्क्वाड्रनचा प्रमुख आर्थर हॅरिस या हालांना कंटाळून राजीनाम्यापर्यंत आला होता. कारण शोधायला जॉन सामंड नावाचे वरिष्ठ अधिकारी इंग्लंडहून आले. कारण मोठं गूढ नव्हतं. इथल्या हवाई दलाचा पैसा लष्कराच्या हातातून यायचा, आणि काटकसर करायची वेळ आली की विमानाच्या सुट्या भागांवर कात्री चालायची. सुटा भाग तक्रार करत नाही. माणसाचा पगार कापला तर माणूस ओरडतो. नव्या विमानाचा करार रद्द केला तर कंपनी ओरडते. इंजिनाला ठिणगी देणारा मॅग्नेटो मागवायचा राहिला, तर फक्त एक विमान कोपऱ्यात गप्प उभं राहतं.

पुढचा मुक्काम कराचीचा, ड्रिघ रोड. 1 एप्रिल 1933. नव्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या दिवशी भारतीय हवाई दलाचं पहिलं स्क्वाड्रन उभं राहतंय. विमानं चार, वेस्टलँड वापिती. मूठभर भारतीय अधिकारी, आणि 19 हवाई शिपाई. वापितीच्या पंखावरून हात फिरवा. ओळखीचा वाटतो ना? बेतॉनकूरला असाच बघितला होतात. वापितीची मागणी काढताना इंग्रज हवाई खात्याची अटच होती की डीएच-9ए चे गोदामात पडून असलेले भाग होईल तितके वापरायचे. म्हणून पहिल्या वापितीला पंख तेच आले. निजामाच्या भेटीतल्या विमानांच्या वंशातल्या विमानावर आपलं हवाई दल पहिल्यांदा उडलं. आणि ते उडतं ठेवणारे 19 हवाई शिपाई म्हणजे फिटर आणि रिगर, आधीच्या पिढ्यांतल्या नालबंदाचे आणि घासवाल्याचे वारस. अधिकाऱ्यांची नावं पुस्तकांत आहेत. या 19 जणांची यादी शाळेत कुणी शिकवत नाही, आणि मला ते मनापासून खटकतं.

1948 चा सप्टेंबर ओलांडताना वर बघा. याच हवाई दलाची टेम्पेस्ट विमानं आता हैदराबाद संस्थानावर घोंगावतायत. चार-पाच दिवसांत मराठवाडा मोकळा होतो.

2014 च्या अखेरीस दिल्लीत संरक्षणमंत्री म्हणून मनोहर पर्रीकर येतात. आयआयटीत धातुशास्त्र शिकलेला गोव्याचा माणूस. हवाई दलाचं सगळ्यांत भारी लढाऊ विमान सुखोई-30. पण एका वेळी त्यांतली निम्म्याच्या आसपासचीच उडायला सज्ज असतात, बाकीची सुट्या भागांसाठी किंवा दुरुस्तीसाठी उभी. पर्रीकर हा आकडा झाकून ठेवत नाहीत, जाहीरपणे सांगतात आणि तो वर नेण्याच्या मागे लागतात. साधा गुणाकार करा. शंभर विमानांत पन्नासऐवजी पंचाहत्तर उडू लागली, तर एकही नवं विमान न घेता पंचवीस विमानं मिळाली. 2017 मध्ये सुट्या भागांच्या दीर्घ मुदतीच्या पुरवठ्याचे करार रशियन कंपन्यांशी झाले. त्या दिवशी कुणी फटाके वाजवले नाहीत. राफेल आलं तेव्हा अख्खा देश टीव्हीसमोर होता.

आता नाशिकजवळ ओझर. 2018. हवाई दलाचा 11 नंबरचा बेस रिपेअर डेपो. या एप्रिलमध्ये डेपोनं पहिलं सुखोई पूर्ण खोलून, तपासून, जोडून परत दिलं आहे. कातडी काढलेलं विमान पाहिलंत तर ते उडेल यावर विश्वास बसत नाही. तारांचे जुडगे, नळ्या, प्रत्येक भागाला लटकलेली चिठ्ठी. भिंतीवर हत्यारांचा फळा आहे. प्रत्येक पान्याची आकृती फळ्यावर काढलेली, पाना तिथेच लटकला पाहिजे. संध्याकाळी एक जागा रिकामी दिसली तर तो पाना सापडेपर्यंत विमान हलत नाही. एक पोरगा दोन बोल्टांमधून बारीक तार ओवून पक्कडीनं पीळ देतोय. तार अशा बाजूनं ओढलेली हवी की बोल्ट ढिला होऊ लागला तर ती त्याला उलट घट्ट करील. तो पीळ तपासायला मान खाली घालतो आणि तुम्हाला 1852 चा नालबंद आठवतो, हातोडीच्या आवाजाला कान लावणारा. उड्डाणाआधी पायलट फॉर्म 700 वर सही करतो, पण त्याच्या आधी या पोरानं सही केलेली असते.

या सहीमागे लागणारा पैसा दिल्लीच्या हिशेबात 'महसुली' खात्यात येतो. इंधन, सुटे भाग, दुरुस्ती, सराव, धावपट्टीची डागडुजी आणि पगार. नवं विमान 'भांडवली' खात्यात. 2024-25 मध्ये संरक्षणासाठी 6,21,940 कोटी रुपये ठेवले होते. त्याचे शंभर रुपये धरले तर असे वाटले गेले: पगार आणि भत्ते 30.66, नवी खरेदी 27.66, पेन्शन 22.70, फौजेची रोजची देखभाल आणि सज्जता 14.82, मुलकी संस्था 4.17. बातम्या 27.66 च्या होतात. हिंगोलीच्या भाषेत सांगायचं तर पेन्शनपुऱ्याचा वाटा सुमारे 23 रुपये आणि चंदीचा 15 पेक्षा कमी.

यातलं काय हलतं आणि काय हलत नाही, तेही बघा. पगार आणि पेन्शन चुकवता येत नाहीत, चुकवूही नयेत. ज्यानं उमेदीची वर्षं दिली त्याची पेन्शन हे ऋण आहे. खरेदीचा बराचसा पैसा मागे केलेल्या करारांच्या हप्त्यांत अडकलेला असतो. म्हणून तंगी आली की हात आपोआप चंदीकडे जातो. सुट्या भागाची ऑर्डर पुढच्या वर्षावर, सरावाचे तास थोडे कमी. आणि जे खर्च झालं नाही ते 31 मार्चला परत. रिसाल्यातल्या चंद्याच्या पेटीला मार्च नव्हता. रशियातून किंवा फ्रान्सहून यायच्या भागाला दोन-दोन वर्षं लागतात, आणि आपला पैसा बारा महिन्यांचा. हे कोडं सुटेपर्यंत विमानांच्या संख्येवर होणारी चर्चा मला अर्धी वाटते. मंजूर स्क्वाड्रनं 42, हातात तिशीच्याही आत, हे सगळे बोलतात आणि ते बरोबरही आहे. पण हातातल्यांपैकी उद्या सकाळी किती उडतील, हा प्रश्न त्याच दमात विचारायला हवा.

बरं झालं एवढंच म्हणायचं, की अलीकडे तरतूद वाढते आहे. 2025-26 च्या अर्थसंकल्पात हवाई दलाच्या महसुली खात्याला 53,700 कोटी मिळाले, आदल्या वर्षी ते 46 हजार कोटींच्या घरात होते.

चला, परत पेन्शनपुऱ्यात. साडेसातच वाजलेत. टपरीवरचा चहा अजून गरम आहे. पोरं घरी निघालीत. शेजारच्या हदगाव तालुक्यातल्या हस्तरा गावचं मूळ असलेले विवेक राम चौधरी 2021 ते 2024 हवाई दलाचे प्रमुख होते, हे त्यांना ठाऊक आहे. दुरुस्तीत जाऊ म्हणणारा तो चौथा पोरगा बुटांची नाडी बांधतोय. त्याला सांगा, की तुझं काम मोठं आहे, आणि ते मोठं का आहे हेही सांगा.

आणि तुम्ही स्वतः एक करा. पुढच्या 1 फेब्रुवारीला अर्थसंकल्प मांडला जाईल तेव्हा किती विमानं घेतली एवढं ऐकून टीव्ही बंद करू नका. संरक्षण सेवांच्या महसुली खर्चाची मागणी अर्थ मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येते. त्यात हवाई दलाची ओळ शोधा, शेजारचा मागच्या वर्षीचा आकडा बघा, आणि आपल्या खासदाराला त्याबद्दल विचारा.